लिफ्ट, आग आणि ६८ किलोचा माणूस

चोपड्यात इमारतीची उंची बघायला मान वर करावी लागत नाही. खाली कापडाचे नि मोबाईलचे गाळे, पहिल्या मजल्यावर दातांचा नाहीतर हाडांचा दवाखाना, त्यावर दहावी-बारावीचे क्लास, अन् गच्चीवर काळी टाकी. संपलं कॉम्प्लेक्स. जळगावला महापालिकेची सतरा मजली बघून आलेल्या माणसाला ही उंची म्हणजे किस झाड की पत्ती. राष्ट्रीय इमारत संहितेचंही मत फारसं वेगळं नाही. १५ मीटर किंवा त्यावर गेलात तर तुम्ही ‘उंच’, त्याखाली असाल तर साधे. आणि साध्यांच्या मागे नियमांचा ससेमिरा कमी.

पण या साध्या इमारतींतही आता लिफ्ट बसू लागल्या आहेत. अडावद नाहीतर धानोऱ्याहून गुडघे धरत आलेल्या आजीला दुसऱ्या मजल्यावर न्यायचं तर लिफ्ट हवीच. आग लागली की हीच लिफ्ट कशी वागते, तिच्याबद्दल कायदा काय म्हणतो, याच्या या काही गमती. काही अजिबात गमती नाहीत, पण माहीत असाव्यात.

कायद्याला लिफ्ट दिसतच नाही

इमारतीतून बाहेर पडायच्या वाटा मोजताना संहिता लिफ्ट धरत नाही. सरकता जिनाही धरत नाही. म्हणजे संकुलाचा मालक छाती फुगवून सांगेल, ‘दोन रस्ते आहेत भाऊ, जिना अन् लिफ्ट’, तरी संहितेच्या हिशेबात रस्ता एकच. तो जिना दुकानं-कचेऱ्यांच्या इमारतीत किमान दीड मीटर रुंद असावा अशी अपेक्षा आहे. टेप घेऊन मोजायला जाऊ नका, भांडणं होतील.

तुमचं वजन ६८ किलो

लिफ्टमधली पाटी वाचा. ४ माणसं, २७२ किलो. ६ माणसं, ४०८. ८ माणसं, ५४४. १० माणसं, ६८०. भागून बघा, प्रत्येक वेळी उत्तर ६८ येतं. आपल्याकडे लिफ्टच्या हिशेबातला माणूस ६८ किलोचा. वरण-बट्टीच्या पंगतीतून उठलेले चौघे एकदम आत शिरले की लिफ्ट का टुंग टुंग करते, याचं उत्तर इथे आहे.

उंच इमारतींत बंबवाल्यांसाठी एक वेगळी ‘फायर लिफ्ट’ लागते. ती किमान आठ माणसांची हवी आणि तळापासून शेवटच्या मजल्यापर्यंत एका मिनिटात पोचली पाहिजे. तिची वीजही वेगळ्या लाइनची. आपल्या तळमजला अधिक तीनला ही सक्ती लागू नाही. त्यामुळे चोपड्यातल्या बहुतेक संकुलांत जी लिफ्ट आहे ती फक्त सोयीची, संकटाची नव्हे.

पहिली प्रवासी लिफ्ट कुठे बसली? कपबशांच्या दुकानात!

लिफ्ट म्हटलं की गगनचुंबी इमारत डोळ्यांसमोर येते. पण व्यापारी इमारतीतली पहिली प्रवासी लिफ्ट २३ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर सुरू झाली, ती हॉवआउट नावाच्या चिनीमातीच्या नि काचेच्या सामानाच्या दुकानात. इमारत अवघी पाच मजल्यांची. म्हणजे खाली दुकान-वर दुकान असलेली आपली संकुलं या घराण्याची थेट वारसदार आहेत.

ती लिफ्ट बनवली एलिशा ओटिस यांनी. त्याआधी १८५४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भर गर्दीत एक खेळ केला होता. स्वतः वर टांगलेल्या फळीवर उभे राहिले आणि दोर तोडायला लावला. फळी जेमतेम खाली सरकली आणि अडकली. लोक अवाक. आता यातली आगीची गोष्ट ऐका. तो क्रिस्टल पॅलेस लोखंडाचा नि काचेचा, जळायचा प्रश्नच नाही असं सगळे मानत. ५ ऑक्टोबर १८५८ रोजी आग लागली आणि अर्ध्या तासाच्या आत तो भुईसपाट झाला.

तीन मजल्यांचं धुराडं

लिफ्ट ज्या उभ्या चौकोनी पोकळीतून जाते तिला मिस्त्री लोक ‘डक्ट’ म्हणतात. प्रत्येक मजल्यावर दार असलेलं आणि वर छपरापर्यंत गेलेलं हे धुराडंच. आग लागल्यावर धूर आडवा पसरतो तो साधारण माणसाच्या चालीनं. उभी वाट मिळाली की मात्र तो पळत सुटतो. दहा-बारा मीटरची उंची त्याला काही सेकंदांची.

लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात २१ नोव्हेंबर १९८० रोजी आग लागली तळमजल्यावर. ८५ माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक वरच्या मजल्यांवर, ज्वाळांपासून कितीतरी दूर. धूर लिफ्टच्या डक्टमधून आणि जिन्यांतून वर गेला होता. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच संपतो.

म्हणून संहिता डक्टवर करडी नजर ठेवते. भिंती दोन तास आगीला तोंड देतील अशा. मजल्यावरचं दार तासभर टिकेल असं. डक्टच्या डोक्यावर धूर बाहेर जायला झरोका. आणि जुन्या मुंबईच्या सिनेमांत दिसणारं, खडखड करत दुमडणारं जाळीचं दार नको. जाळीतून बाहेरचं दिसतं म्हणून आपल्याला ते सुरक्षित वाटतं, पण आपल्याला दिसतं तिथून धुरालाही येता येतं.

यात एक खानदेशी गंमत आहे. थंड देशांत हिवाळ्यात इमारतीच्या आत ऊब, बाहेर बर्फ. त्यामुळे डक्टमधली हवा आपोआप वर ओढली जाते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आत एसी. इथे गार हवा जड होऊन खाली उतरते, उलटा प्रवाह. म्हणजे उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरच्या गाळेवाल्याला वरच्या क्लासच्या एसीचा थोडा फुकट लाभ. पण आग पेटली की हा हिशेब मोडतो. तापलेला धूर सरळ वरच जातो, मे असो की पौष.

दाराला धूर माणूस वाटतो

लिफ्टचं दार बंद होताना मध्ये हात घातला की ते परत उघडतं. दाराच्या कडेला अदृश्य किरणांचा पडदा असतो, तो तुटला की ‘कोणीतरी मध्ये आहे’ असं लिफ्ट समजते. दाट धूरही हा पडदा तोडू शकतो. मग दार बंदच होत नाही. आग लागलेल्या मजल्यावर लिफ्ट दार सताड उघडं टाकून पाहुण्याची वाट बघत उभी राहते.

याच्याही वरताण प्रकार न्यूयॉर्कमध्ये ५ ऑगस्ट १९७० रोजी घडला. वन न्यूयॉर्क प्लाझा या कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्ट बोलवायची बटणं दाबायची नव्हती, नुसता बोटाचा स्पर्श पुरे. त्या काळी फार आधुनिक. आगीची उष्णता लागली आणि बटणांना वाटलं कोणीतरी बोलावतंय. लिफ्ट माणसांना घेऊन थेट आगीच्या मजल्यावर गेली. दोघांचा जीव गेला. ‘आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नका’ ही पाटी अशा प्रकरणांतून जगभर भिंतींवर चढली. आपल्याकडे ती बहुतेक वेळा इंग्रजीत असते, जिच्यासाठी लिफ्ट बसवली त्या आजीला वाचता न येणारी.

काचेमागचा लाल खटका

तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी एक छोटी डबी असते, पुढे काच, आत खटका. त्याला ‘फायरमन स्विच’ म्हणतात. काच फोडून खटका ओढला की लिफ्ट सगळी बोलावणी विसरते, मध्ये कुठेही न थांबता तळमजल्यावर येते, दार उघडते आणि तिथेच उभी राहते. आगीच्या वेळी लिफ्टने करायचं काम एवढंच: खाली या, माणसं सोडा, गप्प बसा. हा खटका संहितेनं सगळ्या लिफ्टसाठी सांगितलाय, उंच इमारतींपुरता नव्हे. आपल्या संकुलात तो शोधा. काही ठिकाणी त्याच्यावर रंगाचा हात फिरलेला असतो, काही ठिकाणी काचेवर पानाची पिचकारी, आणि काही ठिकाणी डबी आहे पण मागे वायरच नाही.

पूर्ण सोय असलेल्या लिफ्टमध्ये याच्या पुढची पायरीही असते. बंबवाला किल्ली लावून लिफ्ट स्वतः चालवतो. तेव्हा दार आपोआप उघडत नाही. बटण दाबून धरलं तरच उघडतं, बोट सुटलं की पुन्हा बंद. कारण साधं आहे: दाराच्या फटीतून ज्वाळा दिसली तर माघार घेता यावी. एरवी आपण ज्या ‘दार बंद करा’ बटणावर अंगठा आपटत बसतो, त्याला खरा मान मिळतो तो या वेळी.

आणि ही एक गोष्ट तर बहुतेकांना खोटी वाटते. लिफ्ट बंद पडली आणि तंत्रज्ञानं ब्रेक सैल केला, तर रिकामी लिफ्ट खाली पडत नाही, वर जाते! दोराच्या दुसऱ्या टोकाला जे वजन टांगलेलं असतं ते रिकाम्या पेटीपेक्षा जड असतं. पेटीचं वजन अधिक तिच्या क्षमतेचा जवळपास निम्मा भार, असा त्याचा हिशेब. म्हणून आत एकच माणूस अडकलेला असताना वरच्या खोलीत जाऊन उगाच ब्रेकशी खेळणाऱ्या हौशी पोराला आवरा. तो माणसाला खाली आणायच्या नादात धुराकडे पाठवेल.

आग लिफ्टमध्ये लागत नाही, लिफ्टशेजारी लागते

आता जरा थांबून बघू, कारण खरा प्रश्न इथे आहे. चोपड्यातल्या कुठल्याही संकुलाच्या तोंडाशी उभे राहा. डावीकडे जिना. जिन्याच्या पोटात सगळ्या गाळ्यांचे वीजमीटर, एकावर एक, मध्ये लोंबणाऱ्या वायरी. मीटरांच्या खाली रिकामी खोकी, कापडवाल्याची नाहीतर औषधवाल्याची, ‘उद्या भंगारवाला येतोय’ या बोलीवर महिनाभर पडलेली. समोर पाच-सहा मोटारसायकली, टाक्यांत पेट्रोल. आणि हे सगळं ज्याच्या दारात आहे, ती लिफ्ट. ठिणगी मीटरवर उडाली तर जळायला खोकी, भडकायला पेट्रोल आणि धूर वर न्यायला जिना नि डक्ट, दोन्ही हातभर अंतरावर.

संहितेत दोन वाक्यं अशी आहेत की ती वाचून आपल्याकडच्या निम्म्या नकाशांना घाम फुटावा. जिना लिफ्टच्या डक्टभोवती गुंडाळलेला नसावा. आणि लिफ्ट जिन्यात उघडू नये. गुंडाळलेला जिना दिसायला छान, जागाही वाचते. पण आगीत लिफ्ट गेली की तिच्याबरोबर जिनाही गेला.

सुरतच्या सरथाणा भागातली तक्षशिला आर्केड अशीच बुटकी व्यापारी इमारत. चोपड्याला रेल्वे नाही, तरी धरणगाव नाहीतर अमळनेर गाठून सुरतेची गाडी धरणारी माणसं इथे घराघरांत आहेत. उधना-लिंबायत म्हणजे खानदेशाचं दुसरं अंगणच. त्यामुळे २४ मे २०१९ ची बातमी इकडे परगावची वाटलीच नाही. आग खाली लागली. क्लास सगळ्यात वर. वर जाणारा शेवटचा जिना लाकडी, तोच पेटला. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. २२ विद्यार्थी गेले. इमारत एवढीच होती, आपल्याकडच्यासारखीच, कोणी ‘उंच’ म्हणणार नाही अशी. पळायला वाट नसेल तर तीन-चार मजले सतरांइतकेच उंच असतात.

बेंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्येही २३ फेब्रुवारी २०१० रोजी नऊ जण गेले, तेही कचेऱ्यांच्या इमारतीत. तिथे धूर आला विजेच्या वायरी नेणाऱ्या उभ्या डक्टमधून. प्रत्येक मजल्यावर ती पोकळी बुजवायची असते, अशीच उघडी ठेवायची नसते. आपल्याकडे केबलवाला, इंटरनेटवाला आणि सीसीटीव्हीवाला तीच भोकं रोज मोठी करत असतात.

चाळीस अंशांची अट

लिफ्टच्या युरोपीय मानकात यंत्रखोलीचं तापमान ५ ते ४० अंशांच्या दरम्यान असावं, असं गृहीत धरलंय. चोपड्याच्या मे महिन्यात सावलीतच ४० ओलांडतात. गच्चीवरच्या पत्र्याच्या दाराच्या खोलीत काय होत असेल ते पाण्याच्या टाकीला विचारा. तापलेल्या खोलीत मोटार नि कंट्रोल पॅनेल आधी रुसतं, मग कधीतरी जळतं. उपाय महाग नाही: झडपांची खिडकी, चालू स्थितीतला पंखा, आणि खोलीत दुसरं काहीच नाही. दिवाळीच्या लाइटच्या माळा नि जुने फ्लेक्स ठेवायला ती खोली बांधलेली नसते. दाराबाहेर आगविझवणी हवी ती कार्बन डायऑक्साइडची. विजेच्या आगीवर पाण्याची बादली ओतणारा शूर माणूस प्रत्येक गल्लीत एक असतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

वीज जाते तेव्हा लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी बॅटरीची सोय म्हणजे एआरडी. आपल्याकडच्या भारनियमनानं ती घराघरांत माहीत करून दिली. आग लागली की पहिल्यांदा मेन स्विच पाडतात, तेव्हा आत अडकलेल्याला हीच कामाला येते. बॅटरी जिवंत असेल तर.

जानेवारी आणि जुलै

मुंबई लिफ्ट कायदा आला १९३९ मध्ये, चोपडा तेव्हा पूर्व खानदेश जिल्ह्यात होतं. आता त्याच्या जागी २०१७ चा महाराष्ट्राचा नवा कायदा आहे, त्यात सरकते जिनेही आले. लिफ्ट बसवायला परवानगी, चालवायला परवाना, आणि तपासणी विद्युत निरीक्षकाच्या खात्याची. आगीचा कायदा वेगळा: २००६ चा, अमलात आला ६ डिसेंबर २००८ पासून. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा ठीक चालते, असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र मालकानं किंवा भोगवटादारानं वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत. भोगवटादार म्हणजे भाड्यानं बसलेले तुम्हीसुद्धा. ‘ते मालकाचं काम’ हे वाक्य इथे चालत नाही.

कापूस, सोनं आणि १४ एप्रिल

१४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. १९४४ साली या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. जहाजावर स्फोटकं होती, सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. कापसाची आग कशी असते हे चोपड्यातल्या जिनिंगवाल्यांना सांगायला नको. वरून विझलेली गाठ आतून धुमसत राहते.

लिफ्ट वापरा, वापरू नका, वापरा

न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी १४६ जण गेले, पण त्यात वाचलेल्यांपैकी कित्येक लिफ्टमुळे वाचले. जोसेफ झिटो आणि त्याचा जोडीदार, दोघे लिफ्टमन, धुरात पुन्हा पुन्हा वर जाऊन मुली खाली आणत राहिले, लिफ्ट चालेनाशी होईपर्यंत. २००१ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यात, दुसरं विमान आदळण्याआधीच्या सोळा मिनिटांत हजारो लोक लिफ्टनं उतरले. त्यानंतर अतिउंच इमारतींसाठी विचार बदलला. दुबईच्या बुर्ज खलिफात आग लागली तर लोकांना लिफ्टनं उतरवायची योजना आहे.

उलट बाजूही बघा. कोलकात्यात ८ मार्च २०२१ रोजी पूर्व रेल्वेच्या न्यू कोयलाघाट इमारतीत नऊ जण गेले, त्यात अग्निशमनचे जवानही होते. त्यातले बरेच लिफ्टमध्ये सापडले. आगीच्या मजल्याच्या दोन मजले खाली उतरून पुढे जिन्यानं जायचं, हा बंबवाल्यांचा जुना दंडक. तीन मजल्यांच्या इमारतीत हा दंडक पाळायचा म्हटलं तर लिफ्टला हात लावायचं कारणच उरत नाही.

(लिफ्टच्या बाजूनं एक नोंद: २८ जुलै १९४५ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगवर बॉम्बफेकी विमान आदळलं, दोर तुटले आणि बेटी लू ऑलिव्हर ही लिफ्टचालक ७५ मजले खाली गेली. वाचली.)

दुसऱ्या मजल्यावरचा प्लॅस्टरवाला पाय

चोपड्यातला खरा पेच हाडांच्या दवाखान्यात आहे. पेशंट लिफ्टनं वर गेला, पाय प्लॅस्टरमध्ये, आणि खाली मीटर पेटले. लिफ्ट नाही, फायर लिफ्ट नाही. जिन्यानं न्यायचं कसं? परदेशांत नि मोठ्या शहरांत यासाठी खास खुर्ची मिळते. मागे पट्टे असतात, पायऱ्यांवरून घसरत उतरते, एक माणूस दुसऱ्याला उतरवू शकतो. नसेल तर साधी पक्की खुर्ची, दोघे जण, एकानं पाठ धरायची, एकानं पुढचे पाय, पेशंट मागे कललेला. कंपाउंडर आणि रिसेप्शनवरची मुलगी यांनी एकदा रिकाम्या खुर्चीवर सराव केला तरी अर्धं काम झालं. ती खास खुर्ची दुमडते आणि भिंतीला टांगता येते, जिन्याच्या तोंडाशी, हाताला येईल अशी. सध्या त्या खिळ्यावर औषध कंपनीचं कॅलेंडर असतं, बहुतेक मागच्या वर्षीचं.